नवव्या महिन्यातल्या सुया : ॲक्युपंक्चरने कळा लवकर येतात का, बाळंतपण सोपं होतं का?

दिवस भरत आले की गरोदर बाईला एकच प्रश्न दहा तोंडांनी ऐकावा लागतो. ‘अजून नाही का?’ पाय सुजलेले, रात्री कुशीवरून कुशीवर वळायचं म्हणजे कसरत, दर तासाला बाथरूमची फेरी आणि वर हा प्रश्न. अशात मोबाइलवर एखादा व्हिडिओ येतो. घोट्याच्या वर एक बारीक सुई लावलेली दिसते आणि आवाज सांगतो, ‘छत्तिसाव्या आठवड्यापासून ॲक्युपंक्चर घ्या, कळा वेळेवर येतील, बाळंतपण झटकन होईल.’

माझ्या धाकट्या बहिणीने ३७ व्या आठवड्यात असाच एक व्हिडिओ मला पाठवला. खाली एकच ओळ होती : ‘ताई, करून घेऊ का?’ तिला उत्तर देण्यासाठी मी वाचायला बसले. जे हाती लागलं त्याचं उत्तर एका शब्दात देता येईना, कारण त्या एका व्हिडिओत दोन-तीन निरनिराळे दावे एकमेकांत मिसळलेले होते. ते सुटे केले की चित्र बरंच स्पष्ट होतं. तेच इथे मांडते आहे.

आधी तारखेबद्दल

डॉक्टर जी ‘तारीख’ देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली असते. सोनोग्राफीने ती आणखी नेमकी करता येते. तरीही तो अंदाजच. शंभर बाळांपैकी जेमतेम चार-पाच बाळं नेमकी त्या दिवशी जन्मतात. ३७ पूर्ण आठवड्यांपासून ४२ आठवड्यांपर्यंतचा काळ ‘दिवस भरले’ यात मोडतो आणि पहिलटकरणीचं बाळ बऱ्याचदा तारीख ओलांडूनच येतं.

म्हणजे तारीख उलटून तीन दिवस झाले, तर बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. पण घरात सगळ्यांच्या तोंडी ती एकच तारीख असते. ती उलटली की बाईला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटू लागतं. ॲक्युपंक्चरकडे वळणाऱ्या कितीतरी जणी या दडपणातून वळतात, हे मला आधीच सांगून टाकावंसं वाटतं. कारण पुढे पुराव्यांचा विचार करताना हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ४१ आठवडे उलटल्यावर थांबण्यातला धोका हळूहळू वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल तर कळा आणण्याची शिफारस करते. आणि उलट टोकाला, ३७ किंवा ३८ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांना ३९-४० व्या आठवड्यातल्या बाळांपेक्षा श्वसनाचे त्रास जास्त होतात. त्यामुळे ‘दिवस भरलेत ना, मग आता लवकर होऊ दे’ ही घाई बाळाच्या फायद्याची नसते.

कळा येण्याआधी आत काय चाललेलं असतं?

नाडी घालून तोंड आवळलेली एक पिशवी डोळ्यांपुढे आणा. नाडी घट्ट आहे म्हणून आतली वस्तू बाहेर पडत नाही. गर्भाशय असंच असतं आणि त्याचं खालचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, ही ती आवळलेली बाजू. नऊ महिने बाळ, पाणी आणि वार यांचं वजन ते पेलून धरतं.

हे तोंड प्रामुख्याने कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंचं बनलेलं असतं. गरोदरपणाच्या मधल्या काळात त्याची लांबी साधारण तीन-चार सेंटिमीटर असते आणि हाताला ते नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं. शेवटच्या आठवड्यांत कोलॅजनची वीण सैल होत जाते, त्यात पाणी धरलं जातं आणि तेच तोंड ओठासारखं मऊ लागू लागतं. मग ते आखूड होतं, मागे वळलेलं असतं ते पुढे येतं आणि थोडं उघडतं. याला डॉक्टर ‘तोंड पिकणं’ म्हणतात. शब्द अगदी चपखल आहे, कारण ही क्रिया एका रात्रीत होत नाही.

त्याच वेळी गर्भाशयाच्या स्नायूंवर एक बदल होत असतो. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला ओळखणारे ग्राहक तिथे झपाट्याने वाढतात. ऑक्सिटोसिन म्हणजे किल्ली धरली, तर हे ग्राहक म्हणजे कुलपं. पाचव्या महिन्यात दारावर कुलपं फारच थोडी असतात, त्यामुळे किल्ली असून फारसा उपयोग नसतो. नववा महिना संपता संपता दारभर कुलपं लागलेली असतात.

तोंड किती पिकलंय हे मोजायला एडवर्ड बिशप या डॉक्टरांनी १९६४ मध्ये गुण देण्याची एक पद्धत सुचवली. आतली तपासणी करून पाच गोष्टी बघतात : तोंड किती उघडलं, किती आखूड झालं, किती मऊ आहे, पुढे आहे की मागे आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय. एकूण गुण १३. आठाच्या वर गेलं तर तोंड तयार, सहा किंवा त्याहून कमी म्हणजे अजून कच्चं. कच्च्या तोंडावर कळांचं सलाईन लावलं तर बाई तासन्‌तास कळा सोसते आणि तोंड मात्र अडून बसतं. म्हणून आधी जेल, गोळी किंवा छोट्या फुग्याच्या नळीने ते पिकवावं लागतं.

ॲक्युपंक्चरचा प्रश्न नेमका इथे येतो : हे पिकणं सुयांनी सुकर होतं का?

एका नावाखाली दोन कामं

पहिलं काम तयारीचं. ३६ व्या किंवा ३७ व्या आठवड्यापासून आठवड्याला एक सत्र, असं बाळंतपणापर्यंत. यात कळा आणण्याचा हेतू नसतो. तोंड आपल्या गतीने पिकावं, बाळाचं डोकं नीट खाली यावं, बाईला झोप लागावी, अंग सैल व्हावं, अशी अपेक्षा असते.

दुसरं काम कळा आणण्याचं. तारीख उलटल्यावर किंवा दवाखान्यात कळा सुरू करण्याचा दिवस ठरल्यावर, त्याच्या आधी एक-दोन दिवसांत जोरकस सत्रं घेतली जातात. बिंदू काही तेच, काही वेगळे, आणि सुया जास्त वेळ फिरवल्या जातात किंवा त्यांना सौम्य विजेचा प्रवाह जोडला जातो.

व्हिडिओ बघताना पहिला प्रश्न हाच विचारा : हे कोणत्या कामाबद्दल बोलतायत? कारण दोन्हींचे पुरावे वेगळे आहेत आणि एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवला की फसगत होते.

सत्रात प्रत्यक्ष काय होतं

बहिणीच्या पहिल्या सत्राला मी तिच्या शेजारी बसले होते. तिला डाव्या कुशीवर झोपवलं होतं, गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली एक पातळ उशी. या दिवसांत पाठीवर उताणं फार वेळ झोपवत नाहीत, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि चक्कर येते. सुया सीलबंद पाकिटातून काढल्या. इंजेक्शनच्या सुईच्या मानाने त्या केसासारख्या वाटतात, जाडी साधारण पाव मिलिमीटर, आतून पोकळ नसतात. टोचताना तिने नुसती भुवई उडवली. मग सुई हलकेच फिरवल्यावर ती म्हणाली, ‘जड जड वाटतंय, पोटरीकडे काहीतरी पसरतंय.’ या जडपणाला चिनी परंपरेत ‘द-ची’ म्हणतात आणि सुई योग्य जागी लागल्याची ती खूण मानली जाते. वीसेक मिनिटांनी ती घोरत होती. गेल्या दोन आठवड्यांत दुपारी तिचा डोळा लागलेला मी पाहिला नव्हता.

नेहमी लागणारे बिंदू थोडकेच आहेत. पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर, नडगीच्या मागच्या कडेला एक. हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात एक. माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीच्या छिद्रांवर काही. गुडघ्याखाली, बाहेरच्या घोट्यामागे आणि खांद्यावर आणखी काही.

सुईचा गर्भाशयाशी संबंध तरी काय?

परंपरेचं स्पष्टीकरण ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीचं आणि तिच्या वाहिन्यांचं आहे. शरीरविच्छेदनात अशा वाहिन्या सापडत नाहीत. पण म्हणून सगळंच निराधार ठरत नाही, कारण या जागांचा नसांशी संबंध दिसतो.

त्रिकास्थीच्या छिद्रांतून ज्या नसा बाहेर पडतात, त्यांच्याच फांद्या गर्भाशयमुखाकडे आणि मूत्राशयाकडे जातात. घोट्याजवळून जाणारी टिबियल नसही त्याच मुळांपासून निघते. मूत्राशयाच्या तक्रारींवर आधुनिक वैद्यकात एक उपचार आहे : घोट्याच्या पाचेक सेंटिमीटर वर बारीक सुई लावून सौम्य वीज देतात आणि लघवीची सततची घाई कमी होते. ती जागा आपल्या ‘चार बोटं वर’च्या बिंदूला जवळजवळ लागूनच आहे. म्हणजे पायाच्या नसेतून ओटीपोटातल्या अवयवापर्यंत निरोप जातो, एवढं मान्य करायला हरकत नाही. पण मूत्राशय शांत होतं म्हणून गर्भाशय कळा देईलच, असं त्यावरून ठरत नाही. तेवढी उडी कोणी मारू नये.

दुसरा दुवा मला जास्त पटतो. भीती आणि ताण वाढला की ॲड्रेनॅलिन वाढतं आणि ॲड्रेनॅलिनने गर्भाशयाचं आकुंचन मंदावतं. वेळेआधीच्या कळा थांबवायला दिली जाणारी काही औषधं नेमक्या याच मार्गाने काम करतात. जी बाई झोपलेली आहे, निर्धास्त आहे, तिच्या शरीराला कळा सुरू करणं सोपं जाणार. सुया लावून अर्धा-पाऊण तास शांत पडून राहण्याने हे घडत असेल, तर तो परिणाम खराच म्हणायचा. फक्त त्याचं श्रेय सुईचं किती, आडवं पडण्याचं किती आणि कोणीतरी आपुलकीने चौकशी करण्याचं किती, हे वेगळं करून बघावं लागतं.

अभ्यास काय सांगतात

ऑस्ट्रियात व्हिएन्नामध्ये १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेवटच्या आठवड्यांत ॲक्युपंक्चर घेतलेल्या ५७ पहिलटकरणी आणि न घेतलेल्या ६३. कळांच्या पहिल्या टप्प्याची मध्यम वेळ सुयावाल्या गटात १९६ मिनिटं, दुसऱ्या गटात ३२१. दोन तासांचा फरक! न्यूझीलंडमध्ये २००६ मध्ये तयारीचं ॲक्युपंक्चर घेतलेल्या १६९ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध झाली. तिथल्या इतर बाळंतिणींच्या मानाने त्यांच्यात कृत्रिमरीत्या कळा आणण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी होतं. आजही बहुतेक व्हिडिओंत फिरतात ते आकडे अशाच अभ्यासांतले.

हे वाचून मीसुद्धा फोन उचलून बहिणीला ‘कर, लगेच कर’ म्हणणार होते. मग या अभ्यासांची पद्धत वाचली.

दोन्हीकडे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. रोज पहाटे फिरायला जाणाऱ्यांची तब्येत इतरांपेक्षा चांगली असते. ती फिरण्याने चांगली होते, की मुळात चांगली तब्येत असलेलेच पहाटे उठून फिरायला जाऊ शकतात? दोन्ही थोडं थोडं असणार आणि नुसतं बघून त्यांची वाटणी करता येत नाही. तसंच इथे. शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला वेळ काढून सुया लावून घ्यायला जाणारी स्त्री बहुधा नैसर्गिक बाळंतपणाची ओढ असलेली, तब्येतीला जपणारी, घरचा आधार असलेली असते. तिचं बाळंतपण सुयांशिवायही थोडं सुरळीत झालं असतं.

यावरचा उपाय म्हणजे कोणाला सुया मिळणार हे चिठ्ठीने ठरवायचं. व्हिएन्नातच २००१ मध्ये ४५ स्त्रियांवर असा छोटा अभ्यास झाला. तारखेच्या दिवसापासून सुया सुरू केल्या. तारखेनंतर सुयावाल्या सरासरी ५ दिवसांनी बाळंत झाल्या, इतर ७.९ दिवसांनी. हा निकाल आशादायक आहे. पण इथे आणखी एक फट राहते : आपल्याला सुया लागल्यात की नाही, हे प्रत्येकीला माहीत होतं.

ती फट बुजवण्यासाठी ‘खोट्या सुया’ वापरतात. काही सुयांचं टोक बोथट असतं, त्या आत शिरतच नाहीत, नुसत्या टेकतात. काही वेळा खऱ्या सुया मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर लावतात. स्त्रीला कळत नाही की आपल्याला कोणती मिळाली. बाकी सगळं तेच : तीच खोली, तीच उशी, तीच विचारपूस. आता फरक उरला तर तो सुईचा आणि जागेचाच.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये ३६४ स्त्रियांवर असा अभ्यास झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कळा आणण्याचा दिवस ठरलेल्या स्त्रियांना त्याआधी दोन दिवस खऱ्या किंवा खोट्या सुया दिल्या. कळा आणायची गरज किती जणींना पडली, बाळंतपणाला किती वेळ लागला, यात फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ४१ आठवडे ६ दिवस झालेल्या १२५ जणींवरच्या, २०१० च्या अभ्यासातही २४ तासांत कळा सुरू झालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच निघालं.

जगभरचे असे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेने २०१७ मध्ये २२ अभ्यासांचा, ३,४५६ स्त्रियांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की ॲक्युपंक्चर किंवा बिंदूंवर दाब दिल्याने सिझरचं प्रमाण कमी होतं असं स्पष्ट दिसत नाही. गर्भाशयमुख थोडं जास्त पिकतं, असा काहीसा पुरावा आहे. खोट्या सुयांच्या तुलनेत हा फरक बिशपच्या गुणांमध्ये सरासरी ०.४० इतका, तोही एकाच अभ्यासातून. १३ गुणांमध्ये अर्ध्या गुणाहून कमी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २००८ च्या मार्गदर्शनात सांगितलं होतं की कळा आणण्यासाठी ॲक्युपंक्चरला उपलब्ध पुराव्यांचा आधार नाही.

तेव्हा माझं मत असं. ‘कळा आणते’ या दाव्यावर विसंबू नये. ‘तयारी’च्या दाव्यामागे उत्साहवर्धक पण सैल पुरावा आहे. शांत झोप आणि हलकं वाटणं हा अनुभव मात्र खरा आहे, आणि नवव्या महिन्यात तो क्षुल्लक नाही.

‘पण माझ्या मैत्रिणीला सुया लावल्या आणि दुसऱ्याच दिवशी कळा आल्या!’

येणारच. ४० व्या आठवड्यानंतर कोणत्याही दिवशी काहीही केलं, तरी पुढच्या दोन-तीन दिवसांत बऱ्याच जणींना कळा येतातच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि कोंबडं आरवलं म्हणून फुटतं असंही नाही. माझ्या बहिणीलाही तिसऱ्या सत्रानंतर चौथ्या दिवशी कळा आल्या. ती आनंदाने सुयांना श्रेय देते. मी तिच्याशी वाद घालत नाही, पण तेवढ्यावरून तुम्हाला ‘लागू पडतं’ असंही सांगणार नाही. ज्यांना सुया लावूनही आठवडाभर काही झालं नाही आणि शेवटी दवाखान्यात कळा आणाव्या लागल्या, त्या व्हिडिओ करत नाहीत.

‘हजारो वर्षं चालत आलंय, ते उगीच का?’

परंपरा जुनी आहे हे खरं. पण गंमत बघा, जुन्या चिनी ग्रंथांचा भर गरोदर बाईला या बिंदूंवर सुया लावू नका, हे सांगण्यावर आहे. अंगठ्याजवळचा आणि घोट्याच्या वरचा बिंदू ‘निषिद्ध’ मानले गेले. ३६ व्या आठवड्यापासून दर आठवड्याला सत्र हा ठरावीक कार्यक्रम मात्र अलीकडचा आहे. तेव्हा जुनेपणाचा दाखला द्यायचा, तर तो दोन्ही बाजूंनी द्यावा लागेल.

‘मग निषिद्ध बिंदूंमुळे वेळेआधी कळा येतील का?’

ही भीती वाजवी आहे आणि तिचा अभ्यास झालेला आहे. २०१५ मध्ये याच विषयावर एक आढावा प्रसिद्ध झाला. गरोदरपणात ज्या स्त्रियांना हे बिंदू दिले गेले, त्यांच्यात गर्भपात किंवा वेळेआधी बाळंतपण वाढल्याचं त्यात आढळलं नाही. आणि थोडा विचार केला तर हे वरच्या पुराव्याशी जुळतं : ४१ व्या आठवड्यात, तोंड तयार असताना ज्या सुया खात्रीने कळा आणू शकत नाहीत, त्या पाचव्या महिन्यात बंद दार कसं उघडतील? तरीही जाणकार लोक ३७ आठवड्यांच्या आत हे बिंदू टाळतात किंवा जपून वापरतात. ते ठीकच आहे. गरज नसताना कशाला?

धोके कुठे आहेत

प्रशिक्षित हातांत आणि एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया असतील तर त्रास बहुधा किरकोळ : थेंबभर रक्त, निळा डाग, जागा दुखणं, कधी चक्कर. सुया पुन्हा वापरल्या तर मात्र जंतुसंसर्गाचा धोका गंभीर असतो. पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलंच पाहिजे, हा आग्रह धरायला लाजू नका.

वार खाली असेल, अंगावर रक्त जात असेल, रक्तदाब चढलेला असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, किंवा आधीचं सिझर असेल, तर तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुया लावून घेऊ नका. आणि तुम्ही ॲक्युपंक्चर घेताय हे त्यांना सांगाच. काही जणी ओरडा बसेल म्हणून लपवतात. तपासणारीला तुमच्याबद्दल सगळं माहीत असणं यातच तुमची सुरक्षितता आहे.

खरा मोठा धोका सुईत नाही, तो विलंबात आहे. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशीचं सत्र विसरा आणि थेट दवाखाना गाठा. ‘आधी सुया घेऊन बघू, मग जाऊ’ असा विचार त्या क्षणी मनात येता कामा नये. तसंच ४१ आठवड्यांनंतर डॉक्टरांनी कळा आणायचं सुचवलं, तर ‘अजून दोन सत्रं राहिलीत’ हे कारण पुढे ढकलायला पुरेसं नाही.

पायाळू बाळाचं प्रकरण थोडं वेगळं

बाळाचं डोकं वर आणि ढुंगण खाली असेल तर ते पायाळू. यासाठी पायाच्या करंगळीच्या नखाशेजारच्या बिंदूजवळ एका वनस्पतीची कांडी पेटवून फक्त शेक देतात. याला मॉक्सा म्हणतात. चीनमध्ये २६० पहिलटकरणींवर ३३ व्या आठवड्यापासून केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३५ व्या आठवड्यापर्यंत शेक घेतलेल्यांपैकी ७५.४ टक्के बाळांची डोकी खाली आली होती, न घेतलेल्यांपैकी ४७.७ टक्के. नंतरचे सगळे निकाल इतके ठळक नाहीत, पण या एका उपयोगामागचा पुरावा कळा आणण्यापेक्षा भक्कम आहे. वेळ मात्र महत्त्वाची : बाळाला वळायला जागा असते तोवरच, म्हणजे साधारण ३३ ते ३५ व्या आठवड्यात. ३८ व्या आठवड्यात आठवण होऊन फार उपयोग नाही.

सुया नकोत, तर बोटं आहेत

हा भाग लिहायला मला सगळ्यात आवडतो आहे, कारण हातात घेण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे. त्याच बिंदूंवर सुईऐवजी बोटांनी दाब देता येतो. तो घरच्या माणसाला शिकता येतो, त्याला पाकीट लागत नाही आणि प्रत्यक्ष कळांच्या वेळी तो जास्त कामाचा ठरतो. कॉक्रनच्या २०२० च्या आढाव्यात, २८ अभ्यास आणि ३,९६० स्त्रिया मिळून, दाबाने कळांची तीव्रता कमी वाटू शकते असं दिसलं.

सिडनीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. १७६ पहिलटकरणींचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला आणि त्यांच्या जोडीदारांना नेहमीच्या वर्गाशिवाय दोन दिवसांचं शिक्षण दिलं : बिंदूंवरचा दाब, श्वास, मालिश, योगासनं, मनात चित्र आणून अंग सैल सोडणं आणि जोडीदाराने काय करायचं. त्या गटात पाठीत इंजेक्शन देऊन कळा बधिर करण्याची वेळ २३.९ टक्के जणींवर आली, दुसऱ्या गटात ६८.७ टक्के. सिझर १८.२ टक्के विरुद्ध ३२.५ टक्के. यातला किती वाटा दाबाचा आणि किती बाकीच्याचा, हे या अभ्यासातून सुटं करता येत नाही. पण सगळं मिळून शिकता येतं, घरच्या माणसाबरोबर शिकता येतं, आणि एवढा फरक दिसतो, हे मला पुरेसं वाटतं. सुयांच्या सत्रासाठी जेवढा वेळ काढाल, त्यातला निम्मा तरी यासाठी काढा.

३८ व्या आठवड्यात एका संध्याकाळी मेव्हण्याला मी हे दाखवलं. बहीण पलंगाच्या कडेला पुढे झुकून उशीवर हात टेकून उभी राहिली. कंबरेच्या खाली, दोन खळग्या दिसतात त्यांच्या किंचित खाली आणि आत, मणक्याच्या दोन्ही बाजूंना त्याने अंगठे ठेवले. आधी तो घाबरून नुसता स्पर्श करत होता. ती म्हणाली, ‘अहो, जोरात. लागेल म्हणून भिऊ नका.’ मग त्याने हात ताठ ठेवून शरीराचा भार पुढे टाकला, कारण नुसत्या बोटांच्या बळावर पाच मिनिटांत हात भरून येतात. कळ चढायला लागली की दाबायचं, ओसरली की सोडायचं, आणि जागा दोन बोटं इकडे की तिकडे हे तिने सांगायचं.

प्रत्यक्ष बाळंतपणाच्या रात्री तिने ती जागा दोनदा बदलायला लावली. पहाटे तीनच्या सुमाराला अंगठे दुखायला लागले म्हणून त्याने मुठी लावल्या आणि तिला त्याच जास्त बऱ्या वाटल्या.